गुणपत्रिका आणि आपली जबाबदारी

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रविवारी सकाळी नागपूर, अमरावती, नांदेड, परभणीहून फोन येतो. ख्यालीखुशाली होते, पाऊसपाण्याची चौकशी होते, आणि शेवटी पलीकडचा आवाज जरा खाली येतो. "काका, कॅनडाचे आमचे कसे जमेल?" या प्रश्नाला आपण सहसा दोनच उत्तरे देतो. एक, "ये की, इकडे सगळे चांगले आहे", दोन, "आता पूर्वीसारखे राहिले नाही, नशिबाचा खेळ आहे." दोन्ही उत्तरे बिनकामाची आहेत. आम्ही व्यवसायाने वैद्य आहोत, वकील नाही. परंतु ज्या गुणपत्रिकेवरून कॅनडा कुशल स्थलांतरित निवडतो, तिचा अनुभव आम्ही स्वतःच्या अंगावर घेतला आहे. त्या आधारेच आज बोलणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास. या देशाने गुणपद्धती १ ऑक्टोबर १९६७ पासून लागू केली. त्यापूर्वी कोण कोणत्या देशाचा, कोणत्या वर्णाचा, यावर दार उघडे की बंद हे दीर्घकाळ ठरत असे. १९६२ च्या नियमांनी वंशाची ती कसोटी बहुतांशी दूर केली आणि १९६७ मध्ये शिक्षण, वय, व्यवसाय, भाषा यांना आकडे आले. १०० पैकी ५० गुण मिळवणारा पात्र ठरू लागला. त्यातही कमाल १५ गुण अधिकाऱ्याच्या व्यक्तिगत मूल्यमापनाचे होते. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकताच परीक्षकाचा चेहरा कसा बदलतो, हे ज्यांनी मायदेशी पाहिले आहे त्यांना या १५ गुणांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २००२ च्या कायद्याने ते मूल्यमापन गेले. आजची गुणपत्रिका कागदावर चालते. तिला तोंड दिसत नाही व आडनावाचा अर्थ कळत नाही, हे तिचे मोठे सामर्थ्य आहे.

परंतु तिला आणखीही काही दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीनंतर इंग्रजी मुळाक्षरे गिरवलेल्या मुलीचे बालपण तिला दिसत नाही. ती फक्त आजचा आकडा पाहते. म्हणून ही पद्धती निष्पक्ष असली तरी तिला न्याय म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र तिचे नियम जाहीर आहेत, आणि जे जाहीर आहे त्याची तयारी करता येते.

आता आमची स्वतःची कथा. २००२ साली नवा कायदा आला तेव्हा उत्तीर्णतेची मर्यादा १०० पैकी ७५ होती. आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात, कारण त्या दिवसांत विजेचा भरवसा नव्हता, आमचे गुण मांडले. वैद्यकाच्या पदवीचे २०, अनुभवाचे २१, वयाचे १०, इंग्रजीचे १४. वाचणे, ऐकणे, बोलणे यांत उत्तम. लेखनात मध्यम, म्हणून दोन गुण कमी. बेरीज ६५. कागद मिटून ठेवला. तेव्हा आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "माझी पदवी धरली का?" आम्ही धरली नव्हती. त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयात बी. एस्सी. केले होते, आणि त्या पदवीचे ४ गुण अर्जाला मिळणार होते. बेरीज ६९ झाली. तरी ७५ नव्हते. पुढे १८ सप्टेंबर २००३ रोजी मर्यादा ६७ वर आली आणि आमचा अर्ज पात्र ठरला. म्हणजे ज्या चार गुणांची आठवण आम्हांस राहिली नव्हती, त्या चार गुणांवर आमचे कुटुंब या देशात उभे आहे. आज हे सर्वांसमक्ष कबूल करतो.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाच्या प्रगतीचे मोजमाप स्त्रियांच्या प्रगतीवरून करण्याची गोष्ट सांगितली होती. आम्ही ती सभांतून शेकडो वेळा ऐकली होती. ती आमच्या घरात खरी ठरली तेव्हा आम्ही बेसावध होतो.

आता आजची पद्धती पाहू. १ जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची व्यवस्था सुरू आहे. तिच्यात परदेशातून अर्ज करणाऱ्या कुशल कामगाराला दोन चाळण्या लागतात. पहिली चाळणी जुन्या ओळखीची, १०० पैकी ६७ गुणांची. ती पार केली की उमेदवार रांगेत उभा राहतो. दुसऱ्या चाळणीत १,२०० गुणांपैकी त्याचा क्रमांक ठरतो, आणि शासन वेळोवेळी निवड फेरी काढून वरच्या उमेदवारांना निमंत्रण देते. रांगेतले नाव १२ महिने टिकते. निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्जास ६० दिवस मिळतात.

येथे लोक 'लॉटरी' हा शब्द वापरतात. तो चुकीचा आहे. फेरीचे किमान गुण वरखाली होतात हे खरे. फेब्रुवारी २०२१ च्या एका फेरीत ते अवघे ७५ होते, तर जानेवारी २०२५ च्या एका फेरीत ५४२. परंतु आपल्या हाती काय आहे, हे दोन्ही वेळी तेच होते.

हाती असलेली पहिली गोष्ट भाषा. तिचे महत्त्व आम्ही आमच्या भाचीच्या उदाहरणाने सांगतो. तिची परवानगी घेतली आहे. ती नागपुरात परिचारिका आहे. बी. एस्सी. नर्सिंग, अविवाहित, तीन वर्षांहून अधिक अनुभव. आयईएलटीएस परीक्षेत तिला ऐकण्यात ८, वाचनात ७, बोलण्यात ७ आणि लेखनात साडेसहा बँड मिळाले. फक्त अर्धा बँड कमी. २०२४ च्या आरंभी ती ३० वर्षांची होती. तिच्या वयाचे १०५, पदवीचे १२०, भाषेचे ११६, आणि पदवी व अनुभव यांची भाषेशी सांगड घालून मिळणारे ३८, एकूण ३७९. लेखनात सात बँड असते तर भाषेचे १२४ झाले असते. सांगडीचे गुण चारही कौशल्ये वरच्या पायरीवर असतील तरच पूर्ण मिळतात, म्हणून ३८ चे ७५ झाले असते. एकूण ४२४. अर्ध्या बँडने ४५ गुण नेले.

१४ फेब्रुवारी २०२४ रोजी आरोग्यसेवेतील उमेदवारांसाठी फेरी निघाली. किमान गुण होते ४२२.

बंधू-भगिनींनो, या कथेचा उरलेला भाग सांगणे आम्हांस जड जाते. परीक्षेपूर्वी तिने आम्हांस सरावाचे निबंध पाठविले होते. "मामा, तुम्ही बघून चुका सांगाल का?" एवढेच मागितले होते. आम्ही "अवश्य" म्हणालो, आणि रुग्णालयाच्या धावपळीत ते निबंध तीन महिने उघडले नाहीत. उघडले तेव्हा परीक्षा झालेली होती. निबंध वाईट नव्हते. प्रश्नाचे दोन भाग असताना ती एकाच भागाचे उत्तर देत होती आणि वाक्ये मराठीच्या वळणाने लांबवीत होती. दोन रविवार बसलो असतो तर हे दाखवून देता आले असते. ज्या माणसाचे स्वतःचे दोन गुण लेखनातच गेले होते, त्याने हे विसरावे, याला काय म्हणावे?

म्हणून पहिला सल्ला असा. परीक्षेला घाईने बसू नये, आणि एकदा बसून थांबूही नये. परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो. चारही कौशल्यांपैकी सर्वांत कच्चे कोणते, ते आधी ओळखावे आणि बहुतेक वेळ त्यालाच द्यावा. आपली मुले गुणपत्रिकेत जिथे पुढे आहेत तिथेच अधिक अभ्यास करतात, कारण तिथे आनंद मिळतो. निदान दुखऱ्या जागेचे करायचे असते.

भाषेचाच दुसरा भाग फ्रेंच. इंग्रजी बरी असून फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली, तर अविवाहित उमेदवाराला दुसऱ्या भाषेचे १२ आणि वरचे ५०, असे ६२ गुण मिळतात. शिवाय फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात; २९ फेब्रुवारी २०२४ च्या अशा फेरीत किमान गुण ३३६ होते. हे काम सहा आठवड्यांचे नाही, दीड-दोन वर्षांचे आहे. परंतु ज्याचे वय पंचविशीत आहे त्याच्याजवळ ती वर्षे आहेत.

दुसरी गोष्ट वय. अविवाहित उमेदवाराला २० ते २९ या वयात ११० गुण मिळतात. पस्तिशीला ७७ उरतात, चाळिशीला ५०, आणि पंचेचाळिशीला शून्य. विशीच्या मुलाला ही गोष्ट पटत नाही आणि पस्तिशीच्या माणसाला ती उशिरा कळते. बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली तेव्हा १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. तो पुरा करण्यास त्यांना चार वर्षांची मुदत होती. त्यांनी मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली मुदत संपण्याआधी ते लंडनला परत गेले. मुदत डोळ्यांसमोर ठेवून काम कसे करावे, याचा याहून मोठा धडा आपल्यापाशी नाही.

तिसरी गोष्ट विवाहितांसाठी. अर्जाचा प्रमुख उमेदवार कोण, हे आपल्याकडे विचार न करता ठरते. नवरा प्रमुख, बायको सोबत. गुणपत्रिका असे म्हणत नाही. नवरा ३६ चा आणि बायको ३१ ची असेल तर केवळ वयात २५ गुणांचे अंतर पडते. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मांडावेत आणि ज्याची बेरीज मोठी त्याचे नाव वर लिहावे. दोघेही पात्र असल्यास दोघांनी स्वतंत्र नोंद करावी. सोबत येणाऱ्या जोडीदाराच्या शिक्षणाचे व भाषेचेही गुण असतात, म्हणून दोघांनीही परीक्षा द्यावी. "ती कशाला परीक्षा देते?" असे विचारणाऱ्या नवऱ्यास आमचे ६९ गुण सांगावेत.

चौथी गोष्ट नाती. आपल्या भाषेत चुलत, मावस, मामे, आते, सगळे भाऊच. कायद्याच्या लेखी तसे नाही. दुसऱ्या चाळणीचे १५ गुण केवळ येथील सख्ख्या वा सावत्र भावाबहिणीमुळे मिळतात, आणि तो भाऊ किंवा बहीण येथील नागरिक वा कायम रहिवासी असावी लागते. मात्र ६७ गुणांच्या पहिल्या चाळणीत काका, मामा, आत्या, मावशी येथे असल्याचे ५ गुण धरले जातात. येथे बसलेल्या कितीतरी जणांच्या नुसत्या असण्याचे पाच गुण कोणा भाच्या-पुतण्याला मिळू शकतात. त्यासाठी नात्याचा कागद लागतो, आणि तो आपल्याच पेटीत असतो.

येथून आम्ही पाचव्या गोष्टीकडे, कागदांकडे येतो. आपल्या समाजाचे अर्ज गुणांपेक्षा कागदांवर अधिक अडतात. आमची जन्मतारीख १ जून आहे. या सभागृहात १ जूनला जन्मलेले किती आहेत, हात वर करा म्हटले तर हशा पिकेल. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हंगामाची तारीख टाकून दिली. ती आता बदलू नये, पण सर्व कागदांवर तीच असावी याची काळजी घ्यावी. नावांचेही तसेच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी घरांनी जुनी नावे टाकली, आडनावे बदलली. तो आपला अभिमान आहे. परंतु शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, पदवीवर दुसरे, पारपत्रावर तिसरे, आणि लग्नानंतर चौथे, अशी स्थिती परक्या अधिकाऱ्यास उमगत नाही. राजपत्रातील नावबदलाची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला आणि आवश्यक ते प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. ६० दिवसांच्या मुदतीत तहसीलच्या खिडकीसमोर उभे राहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पदवीचे मूल्यांकन नेमलेल्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. ते पाच वर्षे चालते. विद्यापीठाकडून गुणपत्रके जाण्यास महिने लागतात, तेव्हा हे काम सर्वांत आधी सुरू करावे. अनुभवाचे पत्र म्हणजे "सदर इसम प्रामाणिक व मेहनती आहे" ही दोन ओळींची चिठ्ठी नव्हे. त्यात पद, कामाचे स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास आणि वेतन असावे लागते. नोकरी सोडतानाच ते मागून घ्यावे, कारण पाच वर्षांनी तो साहेब तेथे नसतो. पैशांचा पुरावा मागितला जातो तेव्हा उसनवारीची रक्कम चालत नाही. खात्यातील सहा महिन्यांची सरासरी पाहिली जाते. आठवड्याभरासाठी पाहुण्यांकडून आणून भरलेला पैसा लगेच ओळखू येतो.

सहावी गोष्ट आम्ही वैद्याच्या कठोरपणाने सांगतो. खोटे करू नये. गावोगावी असे सल्लागार बसले आहेत की जे मित्राच्या कंपनीच्या कागदावर अनुभव लिहून देतात. पूर्वी नोकरीच्या प्रस्तावाला ५० वा २०० गुण होते, म्हणून प्रस्ताव विकले जात. ते गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. तरीही तसा प्रस्ताव 'गुणांसाठी' विकायला कोणी आला तर तो फसवतो आहे हे उघड आहे. अर्जात खोटे आढळले तर पाच वर्षे दार बंद होते. मोबदला घेऊन सल्ला देणारा परवानाधारक आहे की नाही, हे नियामक संस्थेच्या जाहीर यादीत पाहता येते. तेवढे काम आपण येथून पाच मिनिटांत करून देऊ शकतो. ज्या समाजाला "तुमचे गुण खरे नाहीत" हे शतकभर ऐकावे लागले, त्या समाजाच्या मुलाने तरी एकही गुण खोटा आणू नये, असे आम्हांस वाटते.

प्रांताने नामनिर्देशन केल्यास ६०० गुण मिळतात, म्हणजे निवड जवळपास निश्चित होते. मात्र २०२५ च्या योजनेत केंद्राने प्रांतांचा वाटा सुमारे निम्म्यावर आणला. नियम असे बदलत राहतात. म्हणून आमच्या आजच्या आकड्यांवरही विसंबू नये. अर्ज करण्याच्या दिवशी शासनाची अधिकृत सूचना स्वतः वाचावी.

वैद्यकीय पदवीधरांस एक वेगळा इशारा. कायम रहिवासाची निवड झाली म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला असे नव्हे. या देशाला आमचे गुण आवडले. पण रुग्ण तपासण्याची परवानगी मिळेपर्यंत आमची चार वर्षे गेली. त्या काळात आम्ही एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेत होतो, आणि रात्री परीक्षांचा अभ्यास करीत होतो. प्रशिक्षणाची जागा तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. त्या कामाची आम्हांस लाज नव्हती; मात्र हे कोणी आधी सांगितले असते तर पात्रता परीक्षेचा पहिला टप्पा आम्ही मायदेशातूनच उरकून आलो असतो. तुमच्या घरातील डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्मात्यांना हे आजच सांगा. गुणांची तयारी आणि परवान्याची तयारी बरोबरीने चालली पाहिजे.

कोणी विचारील, मुलांना येथे आणण्याची एवढी धडपड का? आग्र्यास १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखविली, तिचे काय? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. कोणी यावे, कोणी राहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु आम्ही येथे पोहोचल्यावर मागचे निबंध तीन महिने न उघडणे, ही ती खंत पुन्हा खरी करण्याची रीत आहे, एवढे आम्हांस निश्चित कळले आहे.

म्हणून संघापुढे आमची विनंती साधी आहे. पैसे नकोत, समिती नको, ठराव नको. प्रत्येक कुटुंबाने मायदेशातील एक उमेदवार आपला मानावा, नात्यातला असो वा नसो. त्याचा आठवड्याला एक निबंध वाचावा, अर्धा तास त्याच्याशी इंग्रजीत बोलावे, आणि वर्षातून एकदा त्याची कागदांची पेटी त्याच्यासोबत तपासावी. आपली येथे वाढलेली मुले हे काम आपल्याहून चांगले करतील, आणि त्या निमित्ताने त्यांना आपल्या गावाचे नावही कळेल.

आमची भाची आज ३२ वर्षांची आहे. दुसऱ्या प्रयत्नात तिने लेखनात सात बँड मिळविले; तोवर वयाने ११ गुण नेले होते. तिची बेरीज आज ४१३ आहे. ती आता पहाटे फ्रेंच शिकते आणि मग कामावर जाते. ते जमले तर ४७५ होतील. तिचा क्रमांक लागेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तिचा निबंध दर गुरुवारी येतो. आम्हांस फ्रेंच येत नाही, म्हणून आमची मुलगी तो तपासते, आणि त्याच रात्री परत पाठविते.



जय भीम! नमो बुद्धाय!